रोजचे आवाज असह्य होऊ लागले तर : पहिल्या पावलांसाठी मार्गदर्शक

भांड्यावर भांडे आपटल्याचा खणखणाट, खुर्ची सरकवल्याचा कर्कश आवाज, प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर, लहान मुलाची किंकाळी किंवा शेजारच्या खोलीत नेहमीच्या पट्टीत चाललेले बोलणे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. काही माणसांना मात्र हेच आवाज असह्य मोठे, बोचरे किंवा प्रत्यक्ष वेदना देणारे वाटतात. या त्रासाला वैद्यकीय भाषेत हायपरॲक्युसिस म्हणतात. मोठ्या आवाजाचा आघात, डोक्याला मार, कानाचा आजार किंवा दीर्घकाळचा ताण यांपैकी एखादे कारण कधी सापडते, तर कधी काहीच सापडत नाही. श्रवणचाचणी पुष्कळदा निर्दोष येते आणि मग ‘तुमच्या कानाला काही झालेले नाही’ असे ऐकून रुग्ण आणखी एकटा पडतो. ही चाचणी सर्वांत मंद कोणता आवाज ऐकू येतो एवढेच मोजते, मोठा आवाज किती सहन होतो ते मोजत नाही; त्यामुळे ती निर्दोष आली म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

या वाटेवर नव्याने आलेल्या माणसाला दोन परस्परविरोधी सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘आवाजापासून पूर्ण दूर राहा’ आणि दुसरा ‘ऐकत राहा, सवय होईल’. दोन्ही सल्ले जसेच्या तसे पाळले तर नुकसान करतात. खरोखर मोठ्या आवाजापासून कानाचे रक्षण करणे आणि साध्या, सुरक्षित आवाजांशी बेताबेताने पुन्हा नाते जोडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. कोणत्या वेळी कोणते काम करायचे हे ओळखणे हाच यातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि पुढील पायऱ्या प्रामुख्याने त्यासाठीच मांडल्या आहेत.

पायरी १ : आपला त्रास नेमका कोणता ते ओळखा

श्रवणतज्ज्ञ रिचर्ड टायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या त्रासाची चार प्रकारांत विभागणी केली आणि सुरुवात करणाऱ्याला ती उपयोगी पडते. पहिल्या प्रकारात आवाज इतरांना वाटतो त्याहून फार मोठा वाटतो. दुसऱ्यात आवाजाने चीड येते. तिसऱ्यात आवाजाची भीती बसते आणि माणूस जागा व प्रसंग टाळू लागतो. चौथ्यात कानात, कानामागे किंवा जबड्यात वेदना होतात. एकाच व्यक्तीत दोन-तीन प्रकार एकत्र आढळणे नेहमीचे आहे. वेदनेच्या प्रकाराची मात्र वेगळी नोंद ठेवावी, कारण ती वेदना कधीकधी आवाज ऐकल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाढते आणि त्यामुळे तिचा मूळ आवाजाशी असलेला संबंध चटकन लक्षात येत नाही.

शेजारचे काही त्रास यापासून वेगळे करायला हवेत. चघळण्याचा, श्वासाचा, पेनाच्या टकटकीचा असे ठरावीक आवाज ते कितीही हळू असले तरी तीव्र संताप आणत असतील, तर तो बहुधा मिसोफोनिया असतो. हे नाव मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी २००१ मध्ये रूढ केले. हळू आवाज ऐकूच येत नाहीत, पण थोडा मोठा झाला की आवाज एकदम अंगावर येतो, असे होत असेल तर ते आतील कानाच्या बहिरेपणाचे लक्षण असू शकते आणि त्यावर श्रवणयंत्राची कमाल मर्यादा नीट बसवून घेणे हा उपाय असतो. अर्धशिशीच्या झटक्यात आवाज असह्य होतो आणि झटका ओसरल्यावर तो त्रास कमी होतो. अशा वेळी आधी अर्धशिशीवर उपचार करावा लागतो. कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात गुणगुण किंवा शिट्टी ऐकू येणे, हा मात्र हायपरॲक्युसिसचा नेहमीचा सोबती आहे.

आठवडाभर एक साधी वही ठेवावी. कोणता आवाज, किती अंतरावरून, किती वेळ, त्या क्षणी काय झाले, दुसऱ्या दिवशी कसे वाटले आणि आदल्या रात्री झोप कशी होती, एवढे लिहिले तरी पुरे. आठवड्यानंतर ही नोंद थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक आवाज टिपत राहिले की मेंदूला सतत पहारा देण्याची सवय लागते आणि ती मोडणे फार कठीण जाते.

पायरी २ : योग्य तपासणी करून घ्या

काही लक्षणे असतील तर वाट पाहू नये. एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक कमी झाले असेल, तर ती तातडीची अवस्था समजून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणे, तीव्र चक्कर, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला त्रास किंवा नाडीच्या ठेक्यात ऐकू येणारा कर्णनाद असेल तरीही लवकर दाखवावे. चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक शाखा कानातील स्टेपिडियस या चिमुकल्या स्नायूला जाते. मोठा आवाज आला की हा स्नायू आखडून कानातील हाडांच्या साखळीची हालचाल रोखतो. तो लुळा पडला की त्या बाजूला आवाज कर्कश वाटू लागतात. स्वतःच्या डोळ्यांची हालचाल किंवा पावलांचा आवाज डोक्यात ऐकू येत असेल, तर तेही आवर्जून सांगावे. आतील कानाच्या एका अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाड विरळ झाल्याने असे होते. लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या विकाराचे वर्णन केले.

यानंतरचे मुख्य काम श्रवणतज्ज्ञाचे, म्हणजे ऑडिओलॉजिस्टचे असते. शक्य असल्यास हायपरॲक्युसिसचा अनुभव असलेली व्यक्ती निवडावी आणि तपासणी सुरू होण्यापूर्वीच ‘मला मोठे आवाज सहन होत नाहीत, कृपया हळू आवाजापासून सुरुवात करा आणि मी हात वर करताच थांबा’ असे सांगावे. आवाज कोणत्या पातळीला नकोसा होतो हे मोजणारी एक चाचणी असते. बहुतेक लोकांची ही मर्यादा साधारण १०० डेसिबलच्या आसपास असते आणि हायपरॲक्युसिसमध्ये ती बरीच खाली येते. ही चाचणी सावकाश केली तर उपयोगी आहे. कानातील स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया तपासणाऱ्या चाचणीत मात्र फार मोठे आवाज कानात सोडले जातात. वेदना होणाऱ्या रुग्णाने ती खरोखर आवश्यक आहे का हे विचारावे आणि पटले नाही तर नम्रपणे नकार द्यावा. चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली २००२ पासून वापरात आहे. ती भरायला काही मिनिटे लागतात आणि पुढे फरक मोजण्यासाठी ती आधार ठरते.

चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. झोपेच्या किंवा चिंतेवरील काही गोळ्या एकदम बंद केल्यानेही आवाज असह्य होऊ शकतो. म्हणून अशी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पायरी ३ : कान शांततेला कसा प्रतिसाद देतो ते समजून घ्या

ही पायरी वाचण्याची आहे, पण ती ओलांडून पुढे जाऊ नये. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की श्रवणमार्गावरील मेंदूची केंद्रे आपली संवेदनक्षमता वाढवतात, जसा दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज पकडण्यासाठी आपण रेडिओची कळ पिरगाळतो. ही वाढलेली पातळी मग साध्या आवाजांनाही लागू होते. हायपरॲक्युसिसच्या सगळ्या रुग्णांचे स्पष्टीकरण यातून होत नाही, विशेषतः वेदनेचे. परंतु आवाज मोठा वाटण्यामागचे हे आजचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे.

क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. त्यांनी चांगले ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे कानात बोळे घालायला लावले. त्यानंतर तेच आवाज त्यांना पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांच्या कानात त्याऐवजी दिवसभर मंद, एकसारखा आवाज सोडणारे उपकरण बसवले होते, त्यांची सहनशीलता उलट वाढली. ज्यांना कोणताही त्रास नव्हता त्यांच्या बाबतीतही दोन आठवड्यांत एवढा फरक पडला, हे प्रत्येक नव्या रुग्णाने लक्षात ठेवावे. दिवसभर कान बंद ठेवल्याने आज मिळणारा आराम उद्याचा त्रास वाढवतो.

पायरी ४ : संरक्षणाचे साधन केव्हा वापरायचे ते ठरवा

इथे आकडे उपयोगी पडतात, कारण भीतीच्या भरात प्रत्येक आवाज धोकादायक वाटतो. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते, व्हॅक्यूम क्लीनर ७० ते ७५ च्या आसपास असतो, तर जवळून ऐकलेला मिक्सर ८५ च्या पुढे जाऊ शकतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही व्यावसायिक आरोग्य संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा धरते आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करते. म्हणजे ८८ ला ४ तास आणि ९१ ला २ तास. फोनवरील ध्वनिमापक ॲप अंदाजे आकडा देते आणि या कामापुरते तेवढे पुरते. ते काही दिवस वापरून आपल्या नेहमीच्या जागांचे आकडे एकदाच पाहून घ्यावेत आणि मग फोन खिशात ठेवावा.

यातून एक व्यवहार्य नियम निघतो. ८० ते ८५ डेसिबलच्या वर जाणारे आवाज, उदाहरणार्थ यंत्रे, लाउडस्पीकर, फटाके, सायरन, गजबजलेले समारंभ, यांसाठी साधन वापरावे. शांत घर, साधे बोलणे, मोकळ्या रस्त्यावरची चाल यांसाठी ते टाळावे. सध्या या साध्या जागाही सहन होत नसतील, तर संरक्षण एकदम काढू नये. आज ज्या जागी दिवसभर इअरप्लग लागतात, तिथे सर्वांत शांत वेळ निवडून ते १० मिनिटे काढावेत. त्रास वाढला नाही तर काही दिवसांनी ही वेळ थोडी वाढवावी. साधन खिशात असणे आणि कानात असणे यात मोठा फरक आहे. ते हाताशी आहे एवढ्या विश्वासावर अनेक जण ते न घालता बाहेर पडू लागतात.

साधनांची निवडही विचारपूर्वक करावी. फोमचे इअरप्लग नीट बसवले तर २० ते ३० डेसिबल आवाज अडवतात, पण ते उच्च स्वर अधिक अडवत असल्याने बोलणे घुसमटलेले ऐकू येते. वादकांसाठी बनवलेले इअरप्लग सर्व स्वर जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे संभाषण करता येते. भेटीगाठींसाठी तेच बरे. इअरमफ पटकन चढवता-उतरवता येतात, म्हणून मिक्सर चालवण्यापुरते किंवा सायरन जाईपर्यंत वापरायला ते सर्वांत सोयीचे आहेत. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिन किंवा पंख्यासारखी एकसुरी घरघर चांगली कमी करतात. भांड्याचा खणखणाट किंवा कुत्र्याचे अचानक भुंकणे ते तेवढे रोखू शकत नाहीत. इअरप्लगवर इअरमफ चढवले तरी दोन्हींच्या आकड्यांची बेरीज मिळत नाही, कारण काही आवाज हाडांवाटे आतील कानापर्यंत पोहोचतोच.

पायरी ५ : घरातील अचानक होणारे आवाज कमी करा

घर निःशब्द करायचे नाही. फक्त अनपेक्षित, टोकदार आवाज बोथट करायचे आहेत. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवावेत, मिक्सरखाली जाड रबरी चटई ठेवावी, भांडी ठेवण्याच्या जागी कापड किंवा रबरी जाळी अंथरावी आणि कपाटांच्या दारांना आतून फोमच्या गोळ्या लावाव्यात. उघड्या फरशीच्या व रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी तो बराच मंदावतो. दाराची घंटा आणि फोनचा सूर बदलून मऊ ठेवावेत. एवढी कामे एका सुट्टीत होतात आणि त्यांनी मिळणारा दिलासा मोठा असतो.

पायरी ६ : मंद आवाजाची सोबत सुरू करा

पूर्ण शांतता टाळण्यासाठी घरात सतत एक मंद, एकसारखा, कोणताही अर्थ नसलेला आवाज असू द्यावा. पावसाची संततधार, दूरच्या धबधब्याचा आवाज, पंखा किंवा ‘पिंक नॉइज’ (यंत्राने तयार केलेला मऊ, एकसारखा सरसर आवाज) यांपैकी जो आपल्याला नकोसा वाटत नाही तो निवडावा. तो कसाबसा ऐकू येईल आणि काही मिनिटांत विसरला जाईल, एवढाच ठेवावा. हेडफोनपेक्षा खोलीत ठेवलेला छोटा स्पीकर बरा. पहिल्या आठवड्यात दिवसाला अर्धा-एक तास पुरेसा आहे. पुढे हा काळ वाढवत नेता येतो. आवाजाची पातळी वाढवण्याची घाई करू नये. आधी वेळ वाढवावा, पातळी नंतर. ध्वनिचिकित्सेच्या औपचारिक पद्धतींत दिवसाचे अनेक तास असा आवाज वापरतात, कधी कानात बसवायच्या उपकरणाने, आणि फरक दिसायला महिने लागतात. वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवावी. मंद आवाजानेही वेदना वाढत असेल तर थांबावे आणि श्रवणतज्ज्ञाशी बोलावे.

पायरी ७ : ठरावीक आवाजांचा सराव बेताने करा

टाळलेल्या आवाजांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी छोटी यादी करावी. सर्वांत खालचा, सर्वांत सोपा आवाज आपल्या नियंत्रणात असावा. उदाहरणार्थ चमचे हळूच एकमेकांवर ठेवणे, किंवा त्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावणे. आवाज स्वतः निर्माण केला की तो कधी येणार हे आधीच ठाऊक असते, म्हणून तो सोपा जातो. दिवसातून एकदा, थोडा वेळ, मन बऱ्यापैकी शांत असताना हा सराव करावा. किंचित अस्वस्थता चालते. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकणारी वेदना किंवा वाढलेला कर्णनाद ही पायरी फार उंच निवडल्याची खूण आहे. मग निमूटपणे एक पायरी खाली यावे.

वेदना हे ज्यांचे मुख्य लक्षण आहे, त्यांनी हा सराव स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. अशा वेदनेची यंत्रणा अजून पुरती उलगडलेली नाही, कानाचा पडदा ताणणाऱ्या स्नायूपासून वेदनावाहक मज्जातंतूंपर्यंत अनेक शक्यता मांडल्या जातात, आणि वेदना सोसत ऐकत राहिल्याने ती बळावल्याचे अनेक रुग्ण सांगतात. त्यांनी आधी वेदना शांत होऊ द्यावी, अधिक संरक्षण वापरावे आणि सराव फार सावकाश, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. जबड्याचा सांधा आणि मानेचे स्नायू आखडलेले असल्यास त्यांवरही उपचार घ्यावेत.

पायरी ८ : भीती आणि झोप यांकडे लक्ष द्या

कर्कश आवाजाची अपेक्षा करत बसलेले शरीर सतत ताठ राहते आणि ताठरलेल्या शरीराला प्रत्येक आवाज मोठा वाटतो. बोधवर्तन चिकित्सेत, म्हणजे सीबीटीमध्ये, हे चक्र तोडण्याची कौशल्ये शिकवतात. स्वीडनमध्ये ६० रुग्णांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने रुग्णांची आवाजाबद्दलची सहनशीलता आणि जीवनमान सुधारल्याचे दिसले. मानसोपचार सुचवला म्हणजे त्रास काल्पनिक ठरवला असे मानू नये. अपुऱ्या झोपेच्या दिवशी सहनशीलता कमी असते, म्हणून झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. रात्री इअरप्लगऐवजी मंद आवाजाची सोबत घेता आली तर अधिक चांगले.

पायरी ९ : भोवतालच्या माणसांना नेमके सांगा

‘आवाज करू नका’ ही मागणी कोणालाच पाळता येत नाही आणि त्यातून घरात कुरबुरी वाढतात. त्याऐवजी दोन-तीन ठरावीक गोष्टी मागाव्यात : मिक्सर लावण्यापूर्वी सांगा, दार हाताने धरून लावा, भांडी लावताना मला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. घरच्यांनी रुग्णाची परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम आवाज करणे पूर्णपणे टाळावे. त्याने विश्वास तुटतो आणि भीती पक्की होते. कामाच्या ठिकाणी लेखी विनंती करावी. बसण्याची जागा बदलणे, बैठकीस दूरस्थपणे हजर राहणे, मधल्या सुट्टीची वेळ वेगळी घेणे अशा बाबी डॉक्टरांच्या पत्रासह मागितल्या तर मान्य होण्याची शक्यता वाढते.

लहान मूल कान झाकून रडत असेल तर त्याला ‘भित्रा’ म्हणू नये आणि जबरदस्तीने गोंगाटात नेऊ नये. स्वमग्नता असलेल्या आणि विल्यम्स सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय विकार असलेल्या मुलांत हा त्रास बराच आढळतो. शाळेला कळवावे, इअरमफ मुलाच्या दप्तरात ठेवावेत आणि आवाजाचे बटण, जिथे शक्य असेल तिथे, मुलाच्याच हाती द्यावे.

पायरी १० : वैद्यकीय प्रक्रियांची आधी तयारी करा

एमआरआय यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. ही तपासणी लागल्यास पर्याय आहे का ते विचारावे आणि ती टाळता येत नसेल तर इअरप्लग व इअरमफ दोन्ही घालावेत, तसेच आवाज कमी करणारी पद्धत उपलब्ध आहे का याची चौकशी करावी. दातांचे ड्रिल आणि कानातील मळ नळीने शोषून काढण्याची पद्धत यांचाही आवाज त्रासदायक असतो. दंतवैद्याला मध्ये मध्ये थांबायला सांगावे आणि मळ छोट्या उपकरणाने हाताने काढता येतो का हे विचारावे.

पायरी ११ : त्रास पुन्हा उचल खाईल तेव्हा

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. अचानक फुटलेला फटाका किंवा जवळून गेलेला सायरन काही आठवड्यांची प्रगती मागे नेल्यासारखे वाटते. अशा वेळी दोन-तीन दिवस शांत जागी राहावे, संरक्षण थोडे वाढवावे, सरावाला सुट्टी द्यावी, पण मंद आवाजाची सोबत सहन होत असेल तर ती चालू ठेवावी. त्यानंतर आधीच्या यादीतील दोन पायऱ्या खाली येऊन पुन्हा सुरुवात करावी. वाढवलेले संरक्षण केव्हा काढायचे याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी, कारण तात्पुरती म्हणून घेतलेली ही सोय नकळत कायमची होऊन बसते. आठवडा-दोन आठवड्यांत त्रास पूर्वपदावर येण्याकडे झुकला नाही, ऐकणे कमी झाल्यासारखे वाटले किंवा निराशा इतकी दाटली की जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला कळवावे.